पारपत्राची खरी मुदत

परदेशी सायकलप्रवासाचा बेत आखणारी माणसे स्वभावतःच दूरदर्शी असतात. निघावयाचे असते जुलै महिन्यात, परंतु नाताळच्या सुट्टीपासूनच जेवणाच्या मेजावर नकाशे पसरलेले असतात. मुक्काम कोणत्या गावी, चढ कोठे लागतो, नदी होडीने कोठे ओलांडावयाची, यांची टिपणे तयार होत असतात. दर रविवारी पहाटे सिंहगड किंवा खंबाटकीचा घाट चढून पायांना सराव दिला जात असतो. आणि जास्तीच्या ट्यूबा, साखळीचे दुवे, ब्रेकची पॅडे यांच्या याद्या तर लग्नघरातील याद्यांना लाजवतील इतक्या बारकाईने केलेल्या असतात. या साऱ्या सिद्धतेत जी एक वस्तू कोणी उघडून पाहत नाही, ती म्हणजे कपाटाच्या तिजोरीत विम्याच्या पावत्यांखाली पडलेली निळ्या वेष्टनाची पुस्तिका. तिची आठवण होते ती मे महिन्यात, व्हिसाचा अर्ज भरावयास बसल्यावर. आणि तिच्यावरील मुदतीची तारीख मोठ्याने वाचली गेली, की घरातील बोलणे क्षणभर थांबते.

अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण पूर्वीइतके उरलेले नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. अल्प अवधीत नवे पारपत्र देण्याची व्यवस्था आपल्या शासनाने केलेली आहे आणि ती बव्हंशी नीट चालते. खरी अडचण निराळी आहे. परदेशप्रवासाचे कागद एका दफ्तरातून निघत नाहीत. पारपत्र परराष्ट्र खात्याचे, चौकशी पोलीस ठाण्याची, व्हिसा परक्या राष्ट्राच्या वकिलातीचा. आणि जादा शुल्क भरून एका दफ्तरात मिळविलेली तातडी दुसऱ्या दफ्तरात वर्ग करता येत नाही. ही गोष्ट ज्याला वेळीच उमगली, त्याचा उन्हाळा वाचतो. ज्याला ती उमगत नाही, तो नवेकोरे पारपत्र हातात घेऊन जुलैभर घरी बसतो.

उदाहरणादाखल पुण्यातील एक चौकोनी कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आईवडील, सतरा वर्षांचा मुलगा, बारा वर्षांची मुलगी; 1 जुलै 2026 रोजी निघून 31 जुलैला परतावयाचे. त्यांनी डॅन्यूब नदीकाठचा मार्ग निवडला आहे, आणि निवड शहाणपणाची आहे. कारण हा मार्ग नदीच्या प्रवाहाबरोबर उतरत जातो, मोटारींच्या रस्त्यापासून बहुतांशी अलग आहे, आणि मुलांनाही झेपतो. जर्मनीतील पासाउ या गावी डॅन्यूब, इन आणि इल्त्स अशा तीन नद्यांचा संगम आहे. तेथून व्हिएन्नापर्यंतचे अंतर सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. वाटेत लिंझ शहर लागते, मेल्कचा प्रचंड मठ लागतो, वाखाउच्या खोऱ्यातील जर्दाळूंच्या बागा आणि द्राक्षमळे लागतात. पुढे ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत दहा देशांतून जाणाऱ्या ज्या महामार्गाला युरोवेलो 6 हे नाव आहे, त्याचाच हा सर्वांत प्रिय तुकडा होय.

या कुटुंबातील वडिलांच्या पारपत्रावर मुदतीची तारीख आहे 20 ऑक्टोबर 2026. वरवर पाहता चिंतेचे कारण नाही. प्रवास संपल्यावरही जवळजवळ पावणेतीन महिने उरतात. परंतु जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी यांच्यासह युरोपातील 29 देशांनी मिळून जे शेंगेन क्षेत्र बनले आहे, त्याचा दंडक असा, की पाहुण्याचे पारपत्र त्या क्षेत्रातून निघण्याच्या नियोजित दिवसानंतर किमान तीन महिने चालू असले पाहिजे. 31 जुलैपासून तीन महिने म्हणजे 31 ऑक्टोबर. सबब अकरा दिवस कमी पडतात, आणि त्या अकरा दिवसांसाठी व्हिसा नामंजूर होऊ शकतो. शिवाय व्हिसासाठी निदान दोन पाने कोरी असावी लागतात. सिंगापूर आणि इंडोनेशिया यांसारखे देश तर प्रवेशाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. तात्पर्य, पारपत्रावर छापलेली तारीख ही त्याच्या आयुष्याची अखेर असली, तरी त्याच्या उपयोगाची अखेर तिच्या कित्येक महिने अलीकडेच येऊन ठेपलेली असते.

त्यातही फसगत होते ती मुलांच्या बाबतीत. प्रौढांचे पारपत्र दहा वर्षे चालते. अज्ञान मुलाचे पाच वर्षे, किंवा ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. पंधरा ते अठरा वर्षांच्या दरम्यानच्या मुलाला हवे तर पूर्ण दहा वर्षांची पुस्तिका मागता येते; पण हा पर्याय पुष्कळांच्या ध्यानात नसतो. त्यामुळे एकाच दिवशी चौघांनी काढलेली पारपत्रे एकाच दिवशी संपत नाहीत. आईवडील आपली तारीख पाहून निश्चिंत होतात, आणि मुलीची पुस्तिका मात्र गेल्या दिवाळीतच निकामी होऊन पडलेली असते. मुलांच्या अर्जासोबत दोन्ही पालकांच्या संमतीचे प्रतिज्ञापन जोडावे लागते. ते तयार नसेल, तर पारपत्र सेवा केंद्रात गेलेला दिवस फुकट जातो.

व्यवहारात ज्याला आपण नूतनीकरण म्हणतो, ते वस्तुतः नूतनीकरण नव्हे. जुन्या पुस्तिकेवर शिक्का मारून मुदत वाढवून देण्याची पद्धत आता नाही. नवा क्रमांक असलेली नवी पुस्तिकाच मिळते आणि जुनी रद्द करून परत दिली जाते. क्रमांक बदलतो, ही बाब किरकोळ वाटते, परंतु कागदपत्रांचा क्रम तीच ठरवते. व्हिसाच्या अर्जात, प्रवासविम्यात आणि विमानकंपनीकडे नोंदविलेल्या तपशिलात पारपत्राचा क्रमांक लिहावा लागतो. म्हणून पारपत्र अगोदर, बाकी सारे मागाहून. दोन कामे एकाच वेळी रेटण्याचा मोह येथे उपयोगी पडत नाही. जुन्या पुस्तिकेत एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल, तर ते पान जिवापाड जपावे; अनेक देश जुनी आणि नवी अशी दोन्ही पुस्तके सोबत आणल्यास तो व्हिसा मान्य करतात.

आता तत्काळ योजनेकडे वळू. प्रौढाच्या साध्या अर्जासाठी छत्तीस पानी पुस्तिकेचे शुल्क 1500 रुपये आणि साठ पानीचे 2000 रुपये आहे. तत्काळसाठी त्यावर आणखी 2000 रुपये पडतात. या जादा रकमेच्या मोबदल्यात दोन गोष्टी मिळतात. पहिली, केंद्रातील भेटीची वेळ लवकर मिळण्याची शक्यता, कारण तत्काळच्या वेळा निराळ्या राखलेल्या असतात. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मात्र त्याही भराभर संपतात. दुसरी, अर्ज मंजूर झाल्यावर पोलीस चौकशीची आवश्यकता नसल्यास दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी, आणि चौकशी मागाहून करावयाची असल्यास तिसऱ्या दिवशी पुस्तिका रवाना करण्याची हमी. ही हमी रवानगीची आहे, पोहोचण्याची नव्हे. पुढचा प्रवास स्पीड पोस्टाने होतो आणि टपालवाला ती पुस्तिका ओळख पटवूनच देतो. अर्ज तत्काळमध्ये घ्यावयाचा की नाही, याचा अखेरचा निर्णय पारपत्र अधिकाऱ्याचा असतो. नावात मोठा फेरफार करावयाचा असेल किंवा जुनी पुस्तिका ओळखण्यापलीकडे खराब झाली असेल, तर या योजनेचे दार बंद असते.

एवढ्या थोड्या दिवसांत हे काम होते कसे, याचे उत्तर अंशतः नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आहे. पारपत्राच्या कोऱ्या पुस्तिका, सुरक्षेच्या साऱ्या खुणांसह, तेथे छापल्या जातात आणि प्रादेशिक पारपत्र कार्यालयांकडे साठवल्या जातात. महाराष्ट्रात अशी कार्यालये मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आहेत, गोव्यात पणजीस. अर्ज मंजूर झाला, की कोऱ्या पुस्तिकेवर अर्जदाराचा तपशील तेवढा प्रादेशिक कार्यालयात उमटवला जातो. म्हणजे छपाईला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो अर्जदार तोच आहे, याची खातरजमा करण्यास.

ती खातरजमा कशी होते, हे पुण्यातील मुंढव्याच्या किंवा अन्य कोणत्याही पारपत्र सेवा केंद्रात गेल्यास दिसते. अर्जदाराला टोकन मिळते आणि अ, ब, क अशा तीन टप्प्यांतून त्याला जावे लागते. अ खिडकीवर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे कर्मचारी असतात. ते कागद तपासून त्यांच्या प्रतिमा घेतात, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात, आणि भरलेला तपशील समोरच्या पडद्यावर दाखवतात. हा पडदा घाईने नजरेआड करू नये. येथे निसटलेले एक अक्षर पुढील दहा वर्षे छळते. ब खिडकीवर पारपत्र खात्याचा कर्मचारी मूळ दस्तऐवजांशी रुजुवात घालतो, आणि क खिडकीवरील अधिकारी मंजुरी देतो किंवा त्रुटी काढतो. सारे जमले, तर दीड-दोन तासांत माणूस पोचपावती घेऊन बाहेर पडतो.

त्रुटी निघते ती बहुधा नावापाशी. आपल्याकडील नावाची घडण तीन पदरी: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आणि आडनाव. आधारपत्रावर तिन्ही असतात, पॅन कार्डावर मधल्याचे केवळ आद्याक्षर असते, आणि मतदार ओळखपत्रावर आडनाव पहिले येते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तर निम्मे दस्तऐवज माहेरच्या नावाचे आणि निम्मे सासरच्या नावाचे असणे ही नित्याची गोष्ट आहे. तत्काळसाठी ठराविक यादीतील ओळखीचे तीन पुरावे मागितले जातात, आणि तिन्ही पुरावे एकमेकांशी जुळले पाहिजेत, ही अपेक्षा रास्तच आहे. म्हणून केंद्रात भेटीची वेळ ठरविण्यापूर्वी सारे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. जुन्या पारपत्राची मूळ प्रत, तिच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या नकला, आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा एवढे जवळ असावे. घर नुकतेच बदलले असेल, तर पत्त्याची बाब आणखी जपून हाताळावी.

कारण पत्त्यावर पोलीस येतो. तत्काळ पारपत्र चौकशीआधी हाती पडले, म्हणजे चौकशी टळली असे नव्हे. ती नंतर होते. सायकलस्वाराच्या दृष्टीने हा नाजूक प्रसंग आहे. नवी पुस्तिका मिळाल्याच्या आनंदात मंडळी व्हिसाच्या नादी लागतात किंवा सरावासाठी कोकणात उतरतात, आणि इकडे ठाण्याचा शिपाई दारावर येऊन कुलूप पाहून परत जातो. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही, असा अहवाल गेल्यास नव्या पारपत्रावरही बालंट येऊ शकते. शेजाऱ्यांना सांगून ठेवावे, दूरध्वनी उचलावा, आणि स्वतः ठाण्यात जाऊन विचारपूस करण्यात कमीपणा मानू नये.

ही सारी व्यवस्था कृपेची नसून हक्काची आहे, हेही नागरिकाने विसरू नये. 1967 पर्यंत पारपत्र देणे अथवा नाकारणे ही सरकारच्या मर्जीची बाब समजली जाई. त्या वर्षी सतवंत सिंग सॉहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि कायद्यावाचून ते हिरावून घेता येणार नाही. त्याच साली संसदेने पारपत्र अधिनियम संमत केला, आणि पारपत्र कोणत्या कारणांनी नाकारता येते, याची कारणे प्रथमच कायद्याने बांधली गेली. 1978 च्या मनेका गांधी खटल्याने हे तत्त्व अधिक दृढ केले. आज खिडकीवर उभा असलेला माणूस विनंती करीत नसतो; विहित नमुन्यात मागणी करीत असतो. अर्थात विहित नमुना त्यानेही पाळावयाचा असतो.

परक्या राष्ट्राकडून येणारा व्हिसा मात्र असा हक्क नव्हे, आणि तातडीची खरी कसोटी तेथे लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयास सामान्यतः पंधरा दिवस लागतात. परंतु अधिक छाननीची गरज वाटल्यास ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि आपल्या पारपत्र कार्यालयातील तत्काळची पावती तेथे दाखवून काही उपयोग नाही. आपल्या उदाहरणातील कुटुंबाने 1 जुलैपासून पंचेचाळीस दिवस मागे मोजले, तर व्हिसाचा अर्ज मेच्या मध्यापर्यंत गेलेला असावा. त्याआधी पारपत्र हाती हवे. त्याआधी टपालाचे दिवस, केंद्रातील भेट, कागदांची जुळवाजुळव. म्हणजे 20 ऑक्टोबरला संपणाऱ्या पारपत्राची चिंता एप्रिलच्या मध्यातच करावयास हवी होती. मे महिन्याच्या अखेरीस जागे होणाऱ्यालाही पारपत्र वेळेत मिळेल. त्याच्या पुढचे सारे दैवाच्या हाती राहील.

सायकलस्वाराचा अर्ज व्हिसा अधिकाऱ्याला जरा चमत्कारिक वाटतो, हेही ध्यानी ठेवावे. बसमधून जाणाऱ्या पर्यटकाचा प्रत्येक रात्रीचा मुक्काम ठरलेला असतो. सायकलस्वाराचा मुक्काम वाऱ्यावर, पावसावर आणि मुलांच्या पायांवर अवलंबून असतो. तरीही अर्जासोबत मुक्कामांचा आराखडा, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आणि परतीच्या प्रवासाचा तपशील द्यावा लागतो. रद्द करता येतील अशा खोल्या आधी राखून ठेवणे, आणि तंबू ठोकावयाचा असेल तेथे त्या तळाचे नाव व पत्ता देणे, हा सरळ मार्ग आहे. अर्ज कोणत्या देशाकडे करावयाचा, हे मुक्कामाच्या दिवसांवर ठरते. ज्या देशात सर्वाधिक दिवस, त्याच्याकडे. पासाउ येथे उतरून ऑस्ट्रियात दोन आठवडे घालवणाऱ्याने जर्मनीकडे नव्हे, तर ऑस्ट्रियाकडे अर्ज करावा. आणि बुडापेस्टच्या पुढे नदीबरोबर सर्बियात उतरण्याचा मोह होत असेल, तर तो देश शेंगेनबाहेर आहे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेऊन तेथे गेलेल्याला परतीचे दार बंद होते. सायकलवरून सीमा ओलांडताना ना दरवाजा दिसतो, ना शिपाई, असा युरोपातील पुष्कळ ठिकाणचा अनुभव असल्याने ही चूक सहज घडते.

प्रत्येक सीमेवर थांबून कागद दाखवण्याचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांत मुंबईचेच सायकलस्वार होते. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा फेरा पुरा करून मार्च 1928 मध्ये परतले. त्यांचे अंतर सुमारे 71,000 किलोमीटर भरले. आज आपल्या हातात असलेला पुस्तिकेचा साचा राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने 1920 साली पॅरिसला भरलेल्या परिषदेत ठरला होता. म्हणजे तेव्हा तो अगदी नवा होता.

शंभर वर्षांत पुस्तिकेचा आकार फारसा बदलला नाही. तिला वाचणारा बदलला. तपशिलाच्या पानाच्या तळाशी प्रत्येकी चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या माणसासाठी नसून यंत्रासाठी असतात. दुसऱ्या ओळीत मुदतीची तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सहा अंकांत लिहिलेली असते आणि तिच्यामागे एक पडताळ्याचा अंक असतो. आपल्या उदाहरणातील 20 ऑक्टोबर 2026 ही तारीख तेथे 261020 अशी येते. या अंकांना अनुक्रमे 7, 3, 1, 7, 3, 1 यांनी गुणून बेरीज केली, तर 39 येते. दहाने भागून उरलेला 9 हा पडताळ्याचा अंक. एक अंक चुकीचा वाचला गेला, तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र अडते. विमानतळावरील कर्मचाऱ्याजवळ रदबदली करण्यात म्हणूनच अर्थ नसतो. तारीख त्याने वाचलेली नसते, यंत्राने वाचलेली असते.

एवढे करूनही कागद जुळले नाहीत, तर उन्हाळा वाया घालवण्याचे कारण नाही. भारतीय नागरिकाला नेपाळात जाण्यास पारपत्र लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. भूतानमध्येही मतदार ओळखपत्र ग्राह्य धरले जाते. जुलै महिन्यात तेथे पावसाचा जोर असतो हे खरे. पण मनाली ते लेह हा रस्ता त्याच दिवसांत खुला असतो, आणि त्यावरील खिंडी डॅन्यूबकाठच्या कोणत्याही चढापेक्षा कितीतरी उंच आहेत.

तथापि हा सारा द्राविडी प्राणायाम टाळण्याचा उपाय अगदी सोपा आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नव्या पारपत्रासाठी अर्ज करता येतो. उरलेले महिने नव्या पुस्तिकेत मिळवून दिले जात नाहीत, म्हणून पुष्कळ जण शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात; परंतु ज्या महिन्यांवर पाणी सोडावे लागते, ते प्रवासाच्या दृष्टीने तसेही बव्हंशी निरुपयोगीच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, सुट्टीची गर्दी नसताना, घरातील सर्व पुस्तिका काढून ज्यांची मुदत वर्षाच्या आत आली असेल त्यांचे अर्ज साध्या मार्गाने करून टाकावेत. पोलीस चौकशीला पुरेसा वेळ मिळतो, नावातील तफावत निस्तरता येते, आणि तत्काळचे माणशी दोन हजार रुपये वाचतात. चौघांचे आठ हजार होतात. तेवढ्यात एका सायकलीचे दोन्ही टायर चांगल्या प्रतीचे येतात.